शटर वर जात नाही म्हणजे मोटरच गेली, असं नसतं

ताई, तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो, म्हणजे माझं कुठे चुकत असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल. ऐरोलीत तुमचं रो-हाऊस आहे, खाली गाडी ठेवायची जागा आणि तिला 10 फूट रुंद, 8 फूट उंच लोखंडी शटर. बाबांचे गुडघे दुखायला लागले तेव्हा, सात वर्षांपूर्वी, त्या शटरला मोटर बसवली. आता बटण दाबलं की शटर दोन फूट वर येतं, घुंऽऽ असा आवाज करत अडकतं आणि अर्ध्या तासाने पुन्हा थोडं चालतं. खाली मात्र विनातक्रार येतं. रिमोटने चालवा नाहीतर भिंतीवरच्या बटणाने, फरक पडत नाही. बघायला आलेल्या माणसाने पाच मिनिटांत 'मोटर गेली' म्हणून नव्या मोटरचे 28 हजार सांगितले. दिवाळीपर्यंत तुमची 6 हजारांच्या वर सोय नाही. आणि त्याच जागेत सकाळी आई डबे भरतात, त्यामुळे शटर बंद ठेवून भागणार नाही.

मी 1998 पासून ठाण्यात, वागळे इस्टेटमध्ये शटरचं काम करतो. आधी दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये पट्ट्या ओढल्या, मग स्वतःचं सुरू केलं. तुमचा मजकूर मी दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबलो. शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात एका रात्री खाली 'ठण्ण' असा मोठा आवाज झाला, आईंना वाटलं मोठं पातेलं पडलं, पण खाली जाऊन पाहिलं तर सगळं जागच्या जागी. माझ्या मते सगळ्या दुखण्याचं मूळ तिथे आहे. त्या रात्री तुमच्या शटरची एक स्प्रिंग तुटली.

पण स्प्रिंगकडे जाण्याआधी आजच्या रात्रीचं बोलू. तुम्ही लिहिलंय की शटर दोन फुटांवर अडकलं की भाचा खालून सरपटत आत जाऊन गॅस बंद करतो. हे आजपासून बंद करा. ते शटर जवळजवळ 100 किलोचं आहे. हिशेब सोपा आहे. 80 चौरस फूट म्हणजे साडेसात चौरस मीटर. 18 गेजची पट्टी सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडीची असते, तिच्या वळणांसकट एका चौरस मीटरला 13 किलोच्या आसपास वजन भरतं. शिवाय बॉटमची, म्हणजे सगळ्यात खालची पट्टी आणि कुलपाचं लोखंड वेगळंच. हे सगळं या क्षणी उरलेल्या स्प्रिंगांवर आणि मोटरच्या ब्रेकवर टांगलेलं आहे, आणि त्या ब्रेकची सात वर्षांत कोणी तपासणी केलेली नाही.

अडकलं तर दोन सी-क्लॅम्प घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. शटरच्या बॉटमच्या बरोबर खाली, दोन्ही बाजूंच्या गाईडवर, म्हणजे शटर ज्या उभ्या खाचांत सरकतं त्यांवर, एकेक घट्ट आवळा. क्लॅम्प नसतील तर दोन्ही कडांना बॉटमखाली लाकडाचे जाड ठोकळे उभे करा. विटा नकोत, वीट एका दणक्यात फुटते. मगच खालून ये-जा करा, तीही अगदी गरज असेल तरच. आणि क्लॅम्प लावलेले असताना बटणाला कोणाचा हात लागू नये म्हणून एमसीबी, म्हणजे बोर्डातला शटरच्या लाइनचा स्विच, खाली पाडून ठेवा.

आता स्प्रिंगविषयी. तुमच्या फोटोत शटरच्या बाजूला साखळीचा मोठा डबा दिसत नाही, आणि तुम्ही म्हणता की पूर्वी हे शटर बाबा हातानेच उचलायचे. म्हणजे ही पाईपच्या मधोमध बसवलेली सेंट्रल मोटर आहे. हाताच्या शटरला मागाहून मोटर लावायची असली की आमच्याकडे बहुतेक हीच लावतात. अशा शटरमध्ये वरचा पाईप फिरत नाही. तो दोन्ही टोकांना ब्रॅकेटवर यू-क्लॅम्पने आवळलेला असतो. त्याच्यावर लोखंडी पुल्या फिरतात, शटर त्या पुल्यांना जोडलेलं असतं, आणि प्रत्येक पुलीच्या पोटात पोलादी पट्टीची गुंडाळी असते, चावीच्या घड्याळात असते तशी, फक्त मनगटाएवढ्या ताकदीची. शटर खाली येताना ती गुंडाळी आवळली जाते आणि वर जाताना सुटत सुटत वजन उचलून धरते. शटरचं वजन खरं म्हणजे ती पेलते. मोटर फक्त वर-खाली ढकलते, एखाद्या माणसाने हाताने ढकलावं तसं.

तुमच्या मापाच्या शटरला सहसा चार स्प्रिंगा असतात. एक तुटली की पाव वजन, म्हणजे 25 किलो, उघडं पडतं आणि ते मोटरच्या गळ्यात येतं. खाली येताना वजन खालीच ओढतं, त्यामुळे मोटरला काही कळत नाही. वर जाताना ती रडते. ताण वाढला की आतलं वाइंडिंग, म्हणजे तांब्याच्या तारेचं वेटोळं, तापतं, आणि मोटरच्या पोटात जळू नये म्हणून ठेवलेला तापमानाचा कट-आउट तिला बंद पाडतो. अर्ध्या तासाने थंड झाली की पुन्हा दोन फूट चालते. तुम्ही सांगितलेलं लक्षण शब्दशः हेच आहे. या मोटरी तशाही सलग काही मिनिटंच चालण्यासाठी बनवलेल्या असतात, तासभर राबण्यासाठी नाहीत.

माझ्या बोलण्यावर विसंबू नका, स्वतः करून बघा. पैसे लागत नाहीत, फक्त दोन धडधाकट माणसं हवीत आणि शटर आधी पूर्ण खाली टेकलेलं हवं. खाली टेकलेलं शटर अजून खाली पडू शकत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच. एमसीबी पाडा. शटरच्या आतल्या बाजूला, वरून एक बारीक काळी वायर लोंबत असेल, मोटरसायकलच्या क्लचला असते तसली, टोकाला गोळा किंवा मूठ. ती ब्रेकची वायर. एकाने ती ओढून धरायची आणि दुसऱ्याने शटर गुडघ्यापर्यंत उचलायचं, त्याच्या वर नाही. स्प्रिंगा धड असतील तर 10-15 किलोच्या वर जोर लागणार नाही. भरलेला गॅस सिलिंडर उचलावा तसं वाटलं, आणि हात जरा ढिला करताच शटर खाली ओढ घेऊ लागलं, तर स्प्रिंग गेली हे नक्की. उचलताना पाय शटरच्या रेषेत ठेवू नका, आणि बोटं पट्ट्यांच्या सांध्यांत घालू नका, बॉटमच्या मुठीलाच धरा.

हीच गोष्ट बाजूच्या मोटरच्या शटरला कधीही करायची नाही, हे शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा. रबाळे-महाप्याच्या कारखान्यांत आणि मोठ्या गाळ्यांना साखळीवाली साइड मोटर असते. तिथे बहुतेक वेळा स्प्रिंगच नसते, सगळं वजन साखळी आणि ब्रेकवर. अर्ध्यात असताना ब्रेक सोडला तर शटर दगडासारखं खाली येतं. आणि घोडबंदरकडच्या काही बंगल्यांत छताला समांतर सरकणारी फळ्यांची दारं आहेत, त्यांच्या डोक्यावरच्या लांब स्प्रिंगला तर घरच्या माणसाने पान्याचं टोकसुद्धा लावू नये.

स्प्रिंग बदलणं हेही घरचं काम नाही, इथे हौस नको. नवी स्प्रिंग बसवली की यू-क्लॅम्प सैल करून, पाईप पान्याने अख्खा पाईप फिरवून तिला ताण द्यावा लागतो. त्या वेळी पान्यावर जो जोर येतो तो हात निसटला तर मनगट मोडतो. आमच्या वर्कशॉपमधल्या एकाच्या करंगळीचं पेर असंच गेलं, आणि तो शिकाऊ नव्हता, वीस वर्षांचा जुना माणूस होता. त्या दिवशी घाईत दुसरा पाना न लावता एकट्याने फिरवायला गेला. दोन पाने आणि दोन माणसं, एक धरणार, एक फिरवणार. तुमच्याकडे येणारा मिस्त्री एकटाच आला आणि 'होऊन जाईल' म्हणाला, तर त्याला दुसरा माणूस घेऊन यायला सांगा. तेवढा अधिकार तुमचा आहे.

स्प्रिंग तुटली याला खाडीचाही हात असतो. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, खाडीला लागून असलेल्या या पट्ट्यात हवा खारट आणि दमट असते. वरचं कव्हर उघडलं की वागळेच्या शटरमध्ये धूळ मिळते आणि तुमच्या बाजूच्या शटरमध्ये गंजाचा चुरा. स्प्रिंग तुटते ती सहसा आधी गंजाने बारीक चीर पडलेल्या जागी. म्हणून उरलेल्या तिघींपैकी एकीवर कडेने लाल पोपडे दिसले तर तीही आत्ताच बदला. मजुरी एकदाच लागते, शटर दुसऱ्यांदा उतरवायला पुन्हा तेवढीच. चारही बदलायला हरकत नाही, पण तुमच्या 6 हजारांत ते बसणार नाही. माझ्या अंदाजाने दोन बदला, बाकी दोन घासून, तेल पाजून ठेवा.

आता दुसरी गोष्ट. स्प्रिंग तुटून महिना झाला आणि मोटर रोज तापतेय, म्हणजे कॅपॅसिटरही थकला असण्याची शक्यता बरीच आहे. हा सिलिंडरच्या आकाराचा, अंगठ्यापेक्षा जाड, पांढरा किंवा काळा डबा. सिंगल फेजच्या मोटरला सुरू व्हायला जो धक्का लागतो तो हा देतो. उष्णतेने त्याची क्षमता हळूहळू कमी होते. अंगावर आकडा छापलेला असतो, मायक्रोफॅरडमध्ये. आमच्याकडच्या मीटरवर लावला की छापील 20 च्या जागी 13 दाखवतो, मग मोटर घुमते पण उचलत नाही. नवा 200 ते 400 रुपयांत येतो. वाइंडिंगच्या कोणत्याही दुकानात मिळेल, त्यासाठी मुंबईत लोहार चाळीच्या बाजारापर्यंत जायला नको. आकडा तोच हवा. जास्त आकड्याचा लावला तर जास्त ताकद येईल असं काही जण सांगतात, ते ऐकू नका, त्याने वाइंडिंग जळतं. अंगावर 440 व्होल्ट लिहिलेलं असावं. आणि वीज बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये करंट साठून राहतो, त्यामुळे त्याच्या दोन टोकांना हात लावू नका. आम्ही जुना पिवळा 60 वॉटचा बल्ब लावून तो रिकामा करतो. एलईडी बल्बने हे काम भरवशाचं होत नाही. हे मिस्त्रीलाच करू द्या, तुम्ही फक्त तो करतोय का ते बघा.

मोटर खरंच जळलीय की नाही हे ठरवायला 28 हजारांची गरज नाही, 500 रुपयांचा मल्टिमीटर पुरे. तुमच्या मोटरमधून एक कॉमन, एक वर जाण्याची आणि एक खाली येण्याची अशा तीन वायरी येतात, आणि चौथी अर्थिंगची. वीज तोडून, कॅपॅसिटरची वायर सोडवून, कॉमन आणि 'वर' यांच्यामध्ये ओहम मोजायचे, मग कॉमन आणि 'खाली' यांच्यामध्ये. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले पाहिजेत, आणि वर-खालीच्या दोन वायरींमधला आकडा त्या दोघांच्या बेरजेएवढा. तसं आलं तर वाइंडिंग शाबूत आहे. एक आकडा अगदीच कमी निघाला किंवा काहीच दाखवत नसेल, तर वाइंडिंग गेलं. पण काहीच न दाखवण्याची चाचणी तापलेल्या मोटरवर करू नका, कट-आउट उडालेला असतानाही तसंच दिसतं. शिवाय जळलेल्या वाइंडिंगचा वास येतो, करपलेल्या वार्निशचा, एकदा नाकात बसला की विसरत नाही. आलेल्या माणसाला एवढंच म्हणा, 'दादा, मीटर लावून आकडे दाखवा.' ज्याला खरंच दिसलंय तो दाखवेल. ज्याने फक्त आवाज ऐकून सांगितलं, त्याचा पुढचा आकडा आपोआप खाली येतो.

मला हे इतकं ठासून सांगावंसं वाटतं त्याला कारण आहे. स्वतःचं काम सुरू केल्यावर पहिल्या काही वर्षांत नौपाड्यात एका कपड्यांच्या दुकानाची मोटर मी बदलली. तक्रार तीच, वर जाताना अडकतं. जुनी मोटर घुमत होती, मी नवी लावली, शटर झपकन वर गेलं, मालक खूश, मीही खूश. चार महिन्यांत नवी मोटर जळाली. उघडून पाहिलं तर एका पुलीत स्प्रिंगचे दोन तुकडे पडलेले, आणि तुटलेल्या टोकांवर जुना, काळपट गंज. म्हणजे मी गेलो त्या दिवशीही ती तुटलेलीच होती. नव्या मोटरमध्ये ताकद जास्त होती म्हणून तिने चार महिने ओढलं. त्या मालकाला मी दुसरी मोटर माझ्या पैशाने लावून दिली. त्या वेळी ती रक्कम माझ्यासाठी फार मोठी होती, घरी दोन महिने ओढाताण झाली. तेव्हापासून कव्हर उघडून पुल्या फिरवून पाहिल्याशिवाय मी मोटरचं नाव काढत नाही. तुम्ही उद्या उधार घेऊन 28 हजार घातलेत आणि स्प्रिंग तशीच राहिली, तर पुढच्या पावसाळ्यात तुम्ही पुन्हा इथेच असाल.

रिमोट आणि त्याचा सिग्नल पकडणारा रिसीव्हर यांच्यावर वेळ घालवू नका. रिमोटने आणि भिंतीवरच्या बटणाने सारखंच होतं, म्हणजे ते निर्दोष आहेत. फक्त कव्हर उघडलंच आहे तर रिसीव्हरची डबी उघडून आत फुंकर मारून घ्या. ती डबी कायम थोडी कोमट असते, म्हणून पालींना फार आवडते. कोपरखैरण्यात एका घरी मी झाकण काढलं तर सर्किटवर पाल वाळून चिकटलेली, तिच्या पोटाखाली पांढरी दोन अंडी, आणि रिलेच्या पायाशी मुंग्यांची बारीक तपकिरी माती. शटर आपोआप उघडायचं म्हणून घरच्यांची झोप उडाली होती. मऊ ब्रशने साफ केलं, वायर जिथून आत जाते ते भोक सिलिकॉनने बुजवलं, काम संपलं.

व्होल्टेज मात्र तपासा. संध्याकाळी दिवे मंद होतात असं तुम्ही लिहिलंय. मोटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने कमी होते, हे लक्षात घ्या. 230 च्या जागी 190 व्होल्ट आले तर ताकद दोनतृतीयांशच उरते. त्यात स्प्रिंग तुटलेली. मग ती अडकणारच. घरात इतरत्र 225 आणि मोटरपाशी, ती चालू असताना, 200 असेल तर दोष महावितरणचा नाही, तुमच्या वायरचा आहे. बऱ्याच घरांत मोटरला मागाहून पातळ वायर ओढून दिलेली असते, मध्ये दोन-तीन ठिकाणी टेप मारलेले जोड. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची अखंड वायर, अर्थिंगसकट, टाकून घ्या. लांबी 10-12 मीटर असेल तर हा खर्च हजाराच्या आतबाहेर.

अर्थिंगवर मी तडजोड करत नाही. अख्खं शटर लोखंडी आहे, पावसात ओलं असतं, आई ओल्या हाताने आणि अनवाणी तिथे काम करतात. मोटरमधून करंट पत्र्यावर उतरला तर एमसीबी पडेलच असं नाही, त्याला माणसाच्या जिवाची पर्वा नसते, तो वायर वाचवण्यासाठी असतो. माणसाला वाचवतो तो आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच, 30 मिलिअँपिअरचा. तुमच्या मीटरच्या बोर्डात एक रुंद स्विच असेल, त्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण. ते दाबा. घरातली वीज गेली तर आरसीसीबी आहे आणि चालू आहे. शटरची लाइन त्याच्यामधूनच येते ना, एवढं वायरमनकडून बघून घ्या. 'टी'चं बटण नसेलच, तर 6 हजारांतला पहिला खर्च हा, दीड ते दोन हजारांचा, आणि स्प्रिंग एक कमी बदला. माझ्या घरचं शटर असतं तरी मी क्रम हाच ठेवला असता.

गाईड तुम्ही स्वतः साफ करू शकता, रविवारी सकाळी तासाभरात होईल. शटर खाली असताना, एमसीबी पाडून, जुन्या फडक्याला रॉकेल किंवा डिझेल लावून गाईडच्या खाचा वरपासून खालपर्यंत पुसा. खालच्या फूटभर भागात सगळ्यात जास्त घाण असते, तिथे पावसाचं पाणी साचून पत्रा फुगतो आणि पट्टी घासते. गंजाचा फुगवटा कानसीने घासून काढा, रेड ऑक्साइड मारा. वाळल्यावर खाचेत मेणबत्ती घासा. साधी पांढरी मेणबत्ती. ग्रीस घालू नका, ग्रीसला धूळ चिकटते आणि दोन महिन्यांत त्याची खळ होते. डब्ल्यूडी-40 चा फवारा पट्टीवरचं पाणी हटवायला आणि अडकलेला नट सोडवायला छान आहे, त्याच्या नावातला 'डब्ल्यूडी' पाणी हटवण्यावरूनच आलाय, पण महिनोन्महिने टिकणाऱ्या वंगणाचं काम त्याच्याकडून होत नाही. एखादी पट्टी वाकलेली असेल, किंवा पट्टीच्या टोकाची क्लिप पडून ती एका बाजूला सरकली असेल, तर ते मिस्त्रीला दाखवा. सरकलेली पट्टी गाईडला घासते आणि तोही भार मोटरवरच येतो.

तर तुमचा 6 हजारांचा हिशेब माझ्या मते असा बसतो. दोन स्प्रिंगा, साधारण 800 ते 1,000 ला एक. दोन माणसांची अर्ध्या दिवसाची मजुरी 2,000 च्या आसपास. कॅपॅसिटर 300. वायर आणि जोड, लागलीच तर, 1,000. आरसीसीबी आधीच असेल तर हाताशी 700 ते 1,100 उरतात, ते ब्रेकच्या वायरवर आणि तेलावर जातील. काम सुरू करण्याआधी स्प्रिंगचा भाव आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या, आणि जुनी तुटलेली स्प्रिंग तुमच्या हातात द्यायला सांगा. सेकंडहँड मोटर 6 हजारांत देतो म्हणणारे भेटतील. घरासाठी घेऊ नका. तिचा ब्रेक किती झिजलाय हे बाहेरून दिसत नाही, आणि तुमच्या शटरखालून आई दिवसातून दहा वेळा जातात. वायफायवर चालणारा रिसीव्हर, बॅटरी बॅकअप, कव्हरला रंग, हे सगळं आत्ता बाजूला.

मीटरच्या आकड्यांत मोटर खरंच जळलेली निघाली, तर? तरीही स्प्रिंगाच आधी बदला. शटर पुन्हा हलकं होईल. मग मिस्त्रीला मोटरचा ब्रेक सोडवून बांधून ठेवायला सांगा आणि शटर हाताने वापरा, सात वर्षांपूर्वी वापरत होता तसं, खाली दोन्ही बाजूंना कुलूप लावून. दिवाळीनंतर सवडीने मोटर घ्या किंवा जुनी वाइंडिंगला टाका. तुर्भे, रबाळे, वागळे, सगळीकडे वाइंडिंगवाले आहेत, फक्त शटरची मोटर आधी केलेला शोधा, कारण तिची जागा फार चिंचोळी असते आणि पंपाच्या मोटरीचं वाइंडिंग करणाऱ्याचा हात तिथे बसत नाही.

स्प्रिंगा बदलल्यावर मिस्त्री निघण्याआधी दोन गोष्टी त्याच्यासमोर करून घ्या. एमसीबी पाडून, ब्रेक ओढून, शटर हाताने कमरेपर्यंत आणायला सांगा आणि सोडायला सांगा. ते तिथेच थांबलं पाहिजे, फार तर चार बोटं खाली-वर. उसळी मारून वर गेलं तर ताण जास्त दिलाय, तोही वाईटच, खाली येताना मोटरला तो उलटा ओढावा लागतो. मग वीज चालू करून लिमिट बघा, वर बॉटमची पट्टी कव्हरच्या चार बोटं खाली थांबली पाहिजे आणि खाली फरशीवर अलगद टेकली पाहिजे, दाबून बसता कामा नये. नवी स्प्रिंग लागली की लिमिट थोडी सरकते, ती जुळवून घ्यायला पाच मिनिटं लागतात आणि बरेच जण तेवढी पाच मिनिटं थांबत नाहीत.

तुम्ही शेवटी विचारलंय की वीज गेली तर आईंना एकट्याने शटर उचलता येईल का. स्प्रिंगा बरोबर लागल्या तर 10-12 किलो जोर लागतो, वाकून खालून उचलणं मात्र त्यांच्या वयाला बरं नाही. बॉटमच्या मुठीला आतून एक जाड सुती दोरी बांधा, कमरेच्या उंचीवर येईल एवढी, टोकाला गाठ. ब्रेकची वायर एका हाताने ओढून तिची मूठ अडकवता येईल असा छोटा हूक भिंतीवर मारून घ्या, म्हणजे दोन्ही हात दोरीला मोकळे राहतील. शटर वर गेलं की वायर हूकातून आधी काढायची, मग दोरी सोडायची. हे दोन-तीनदा तुमच्यासमोर करून बघू द्या त्यांना, वीज असताना, दुपारी निवांत वेळी. आणि भिंतीवरचं बटण सध्या जिथे आहे तिथून, म्हणजे ओट्याच्या मागून, शटर दिसत नाही असं फोटोवरून वाटतं. वायर नवी टाकतच आहात तर ते बटण अशा जागी घ्या की दाबताना शटरचा खालचा काठ डोळ्यांसमोर असेल, आणि जमिनीपासून चार फुटांच्या वर, म्हणजे पावसाचं पाणी आत आलं तरी तिथवर पोचणार नाही.